सभागृहात चालू झालेलं मशीन

(सरकारी रुग्णालयाचा तळमजला. डायलिसिसच्या खोलीबाहेरचं बाकडं. सकाळ.)

दीर : खोटं बोलला तो मंत्री, वहिनी. देशाच्या सभागृहात उभा राहून, पाण्याचा घोट घेऊन, चष्मा नीट करून खोटं बोलला. आणि मागच्या लोकांनी बाकं बडवली.

वहिनी : हळू बोला. आत तुमचे दादा झोपलेत.

दीर : झोपलेत?

वहिनी : आत्ता काचेतून बघून आले. हाताला सुया, नळीतून रक्त बाहेर जातंय, आत येतंय, आणि हा माणूस तोंड उघडं टाकून घोरतोय. शहरातल्या त्या दवाखान्यात कधी डोळा लागला होता का यांचा? सारखं आपलं, बस चुकेल, बस चुकेल.

दीर : ते बरं झालं. पण...

वहिनी : बरं झालं ना? मग त्या 'पण'ला जरा बाहेर उन्हात बसवा.

दीर : बसणार नाही तो. मी भाषण पहिल्यापासून ऐकलंय. छापखान्यात टीव्ही चालू होता. देश वाढतोय म्हणाला, असा वाढतोय की जग तोंडात बोटं घालून बघतंय. आकडे सांगितले. ते मला तपासता येत नाहीत, म्हणून मी गप्प बसलो. मग आवाज खाली आणून म्हणाला, वाढ म्हणजे नुसते आकडे नव्हेत, वाढ म्हणजे कारभार. आणि कारभाराचा दाखला म्हणून आपल्या गावाचं नाव घेतलं. तिथं आज डायलिसिसचं मशीन चालू आहे, तिथल्या रुग्णाला शहर गाठावं लागत नाही. हे मात्र मला तपासता येत होतं. त्या घटकेला दादा कुठं होता?

वहिनी : बसमध्ये. मागच्या सीटवर, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. मला काय सांगता, मांडी माझीच होती.

दीर : आणि मशीन इथं खोक्यात. खोक्यावर जुन्या चादरींचा ढीग.

वहिनी : ढिगावर मांजर. पिल्लं घातली होती तिनं. कुणीतरी वापरत होतं म्हणायचं.

दीर : तुम्हाला हसू येतंय.

वहिनी : आज येतंय. येऊ द्या की.

दीर : मला नाही येत. हे झालं कसं, ते मी इथल्या कारकुनाच्या खनपटीला बसून काढून घेतलं. या लोकांची रीत आहे. फीत कापली की ती वस्तू चालू धरायची. आणि फीत तर कापली होतीच, खोक्याला बांधून. पाणी शुद्ध करायची यंत्रणा नाही, घाण पाणी जायला नळी नाही, चालवायला माणूस नाही. पण फीत कापली, टाळ्या वाजल्या, वर कळवलं चालू. त्यानं ते तसंच वाचून दाखवलं. एक फोन करून विचारावं, असं एवढ्या पिकल्या केसांच्या माणसाला वाटलं नाही.

वहिनी : तो बोलला म्हणून तर मशीन चालू झालं, भाऊजी. हे कसं विसरता? विरोधी बाकावरची ती बाई उठून म्हणाली, चला, बघू या तुमचं मशीन. आणि हा ताठ्यात म्हणाला, चला, मीच घेऊन जातो. बस्स. दुसऱ्या दिवशी इथं फरशी फोडायचा आवाज. मी शिलाई मशीनवर बसले होते, शेजारीण धावत आली, म्हणाली, दवाखान्यात लगीनघाई चाललीय. मोठमोठे साहेब नळीचं एक टोक धरून उभे. पाण्याचा नमुना शहरात तपासायला गेला, नापास झाला, पुन्हा गेला, मग पास झाला. आणि शहरात यांना सुया लावायची तीच मुलगी इथं आणून बसवली. आज यांना दारात बघून म्हणते, काका, तुम्ही काही माझा पिच्छा सोडत नाही.

दीर : म्हणजे आधी खोटं बोलायचं, मग धावपळ करून ते खरं करायचं, आणि आपण हात जोडायचे?

वहिनी : पिशवीत काय आहे?

दीर : काही नाही. पत्रकं.

वहिनी : वाचा.

दीर : 'हे मशीन आज सकाळी चालू झालं. साहेबांनी ते चालू असल्याचं सांगितलं, त्या दिवशी ते खोक्यात होतं. सभागृहाशी खोटं, देशाशी खोटं, आजारी माणसाशी खोटं.' खाली माझं नाव. मी नाव लपवत नाही.

वहिनी : चांगलं लिहिलंय. एक अक्षर खोटं नाही.

दीर : मग?

वहिनी : मग आज साहेबांच्या गाड्या आल्या की तुम्ही हे वाटणार. ती विरोधातली बाई कॅमेऱ्यासमोर नाचवणार. म्हातारा तोंडघशी पडणार आणि जाताना चिडून त्या मुलीला परत घेऊन जाणार. तुमचं खरं होईल. आणि यांना मी पुन्हा त्या मागच्या सीटवर झोपवू? परतीच्या वाटेवर ओकाऱ्या सुरू झाल्या की लोक नाकाला रुमाल लावून पुढं सरकतात. ते तुम्ही नाही बघितलं, मी बघितलंय.

दीर : म्हणजे गप्प बसू.

वहिनी : गप्प बसा कुठं म्हटलं? यांच्या सुया निघेपर्यंत थांबा. एवढं ऐका माझं. हे डॉक्टर आले बघा, पिशवी बाकड्याखाली सरकवा.

डॉक्टर : ताई, सगळं छान चाललंय. रक्तदाब उत्तम. थोडाच वेळ राहिलाय, मग घरी न्या.

वहिनी : घरी. म्हणजे दुपारचं जेवण घरी.

डॉक्टर : अहो, बसा, बसा. डोळे पुसा.

वहिनी : काही नाही हो. डायलिसिसच्या दिवशी यांना दुपारचं ताट कधी वाढलेलंच नाही, ते आठवलं. तुम्ही बोला. तुम्हाला आणखी काही सांगायचंय, तोंडावर दिसतंय.

डॉक्टर : एक विनंती होती. माझी नाही, वरून आलेली. पाहुणे आता पोचतील. ते रुग्णाच्या घरच्यांशी बोलणार. तुम्ही एवढंच म्हणायचं, की वर्षाच्या सुरुवातीपासून आम्ही इथंच येतो.

दीर : डॉक्टर, तुम्हाला हे बोलताना...

वहिनी : भाऊजी, थांबा. डॉक्टर, आणि मी तसं नाही म्हटलं तर?

डॉक्टर : तर काय, मला बोलणी खावी लागतील. त्या मुलीचा आदेश तात्पुरता आहे, ताई. महिन्याभराचा. मग ती परत शहरात. तुम्ही सहकार्य केलंत तर तिला कायम ठेवायचा विचार होईल, असं म्हणालेत.

वहिनी : विचार होईल.

डॉक्टर : हो.

वहिनी : कोण करणार विचार?

डॉक्टर : ते नाही सांगितलं.

वहिनी : म्हणजे मी खोटं बोलले तरी ती जाऊ शकते.

डॉक्टर : प्रामाणिकपणे सांगायचं तर, जाईलच. शहरात माणसं कमी आहेत. तिकडचे आत्ताच ओरडतायत.

वहिनी : वा. बरं वाटलं बघा.

दीर : वहिनी, काय बोलताय? ती जाणार म्हणतायत ते.

वहिनी : ऐकलं. तुमचं पत्रक ऐकल्यापासून मला भीती होती, की त्यामुळं तिला नेतील. आता कळलं, पत्रक निघो न निघो, ती जाणारच होती. मग घाबरायचं कशाला? डॉक्टर, मी काही तसं सांगणार नाही. तुम्ही निरोप दिलात, मी नाही म्हटलं. तसं वर कळवा.

डॉक्टर : कळवतो. खरं सांगू का, मलाही जरा हलकं वाटलं. काल मी आरशासमोर उभं राहून हे वाक्य बोलून बघत होतो. बायको म्हणाली, नाटकात घेतलंय का तुम्हाला.

दीर : तुम्हाला वाईट काम जमत नाही, डॉक्टर. चांगली खूण आहे. मग वहिनी, वाटू ना आता पत्रकं? काढू पिशवी?

वहिनी : काढा. पण आधी मी बोलते. तुम्ही छापलंय ते मागं काय झालं त्याबद्दल. मला पुढचं विचारायचंय. तो खोटं बोलला हे सगळ्यांना दिसेलच, मी लपवणार नाही. पण नुसतं खोटारडा म्हटलं की तो रागावून गाडीत बसेल, आणि रागावलेल्या माणसाला उत्तर द्यावं लागत नाही.

डॉक्टर : गाड्या आल्या. ताई, पुढं तेच आहेत, काठी घेतलेले. मागं त्या बाई. कॅमेरेवाले पण आहेत.

दीर : वहिनी, पदर नीट करा. आणि आवाज चढवू नका. अहो, हे मी तुम्हाला सांगतोय.

वहिनी : बघा, दवाखान्यात माणसं सुधारतात. नमस्कार, साहेब. इकडं या, काचेतून बघा. ते माझे यजमान. आज पहिल्यांदा इथं आलेत. हो, आज पहिल्यांदा. तुम्ही भाषण केलंत त्या दिवशी मशीन खोक्यात होतं आणि आम्ही बसमध्ये होतो. बाई, तुम्ही लिहून घ्या, पण जरा थांबा, माझं साहेबांशी बोलणं संपलेलं नाही. साहेब, तुम्ही बोललात, म्हणून सगळे धावले आणि हा माणूस आज झोपलाय. त्याचे आभार मनापासून. पण आत जी मुलगी यांच्याजवळ बसलीय, तिला महिन्यानं परत नेणार म्हणतात. ती गेली की हे पुन्हा खोकंच. म्हणून कॅमेऱ्याकडं नको, माझ्याकडं बघून सांगा. पुढच्या महिन्यात ती मुलगी इथं असेल का? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. विचार करू म्हणू नका. मी उभी आहे.