क्रूरसेनाचं तोंड कोणी धुवायचं?

मंडळी, पेटीवाल्यांनी सूर तेवढा धरून ठेवावा, झांजा जरा राहू देत. पूर्वरंगात नामाचा महिमा झाला, आता एक प्रश्न. दुष्टाचं सोंग घेणारा माणूस दुष्ट असतो का?

नाही ना? माना तर सगळ्यांनी हलवल्या! आपल्या गावची रीतच आहे. उत्सवाचं नाटक संपलं, की रामाचं काम करणारा स्वतःच्या हातानं राक्षसाचं काम करणाऱ्याचं तोंड धुतो. मगच दोघं पंगतीला बसतात. का? तर भांडण सोंगांचं होतं, माणसांचं नव्हतं!

आता ऐका. कुडाळला दिगंबर नेरूरकर म्हणून एक गृहस्थ होते. एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचे. काय आवाज! झोपलेला प्रवासी पिशवीसकट उभा राहायचा! पण घशाला दुखणं झालं, ऑपरेशन झालं, आणि आवाज कायमचा गेला. घरी एक बहीण, सुलोचनाबाई. तिच्याशी बोलायचं तर पाटीवर लिहून.

मग त्यांना फोनवर एक मंडळ सापडलं. कुठकुठली माणसं, तोंडं न पाहिलेली, मिळून एका राज्याची गोष्ट लिहीत होती. कोणी राजा, कोणी प्रधान. साताऱ्याच्या यामिनीताई राणी झाल्या होत्या. सोंगाबाहेरचं, स्वतःचं काही लिहायचं असेल, तर आधी पणतीचं चित्र टाकायचं, असा त्यांचा नियम. पणती दिसली की समजायचं, आता माणूस बोलतोय.

राक्षस व्हायला मात्र कोणी तयार नाही! कसं असेल? आपल्यालाही फोटोत पुढेच उभं राहायचं असतं. दिगंबरपंत म्हणाले, मी होतो. आणि झाले क्रूरसेन! त्याच्या गर्जनेनं बुरूज हलायचे, हत्ती बसायचे. गोष्ट अशी रंगली, की साताऱ्यात राणीसाहेबांचं दूध रोज उतू जाऊ लागलं.

एक दिवस पंतांनी पणती टाकून यामिनीताईंना विचारलं, "उद्या क्रूरसेन राजपुत्राला मारणार आहे. चालेल ना?" ताई म्हणाल्या, चालेल. दुसऱ्या दिवशी पंतांनी तो वध असा लिहिला, की ताई स्वयंपाकघरात खरोखर रडल्या. आणि त्या रडण्याच्या भरात पणती टाकून सगळ्यांसमोर लिहून बसल्या, "असं सुचतं कसं माणसाला? याच्या मनातच विष असणार."

झालं! एकानं दगड मारला की बाकीच्यांचे हात शिवशिवतात. पंतांना मंडळातून काढून टाकलं.

संध्याकाळी ताईंच्या फोनवर पणती आली. "यामिनीताई, सोंग उतरवलंय. उद्या घशाचं पुन्हा ऑपरेशन आहे. भीती वाटते. दोन शब्द बोलाल?"

ताईंनी वाचलं. क्रूरसेनाचा नवा डाव, असं त्यांच्या मनात आलं, आणि फोन पालथा ठेवून त्या कणीक मळायला गेल्या. मंडळी, वाईट बाई नव्हती हो ती. तुमच्याआमच्यासारखीच होती.

पुढे गोष्ट आटली. राक्षसच नाही, तर राजा लढणार कोणाशी? राणी महिनाभर नुसती हळदीकुंकू करत बसली! मंडळ म्हणालं, बोलवा त्यांना. निरोप गेले, उत्तर नाही. ताईंच्या मनात ती पणती सलायला लागली. एक दिवस त्या उठल्या आणि पत्ता शोधत कुडाळला गेल्या.

दार सुलोचनाबाईंनी उघडलं. भिंतीवर हार घातलेला फोटो. ऑपरेशन टेबलावरून पंत परत आलेच नव्हते. आवाज गेल्याचंही ताईंना तिथंच कळलं. इतक्या गर्जना वाचल्या, आणि माणूस मुका होता!

सुलोचनाबाई म्हणाल्या, "त्या राक्षसाचा लिवताना ओठ हलायचे तेचे. आवाज नाय, पण ओठ हलायचे."

मग त्यांनी विचारलं, तुम्ही त्या गोष्टीतल्या कोण? ताई कशाबशा म्हणाल्या, राणी. बाईंचा चेहरा उजळला. राणीला रडवलं की दिगंबर त्या दिवशी जेवत नसे, असं त्या सांगत राहिल्या. दवाखान्यात आत नेईपर्यंत फोन हातात धरून बसला होता, शेवटी नर्सनं काढून घेतला, हेही सांगितलं. कोणाची वाट बघत होता, ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

ताईंनी पाणी मागितलं. प्यायल्या नाहीत. पदराचं टोक त्यात भिजवलं आणि फोटोतला चेहरा पुसत राहिल्या. काच केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी हात थांबेना.

मंडळी, मघाशी माना हलवल्यात तुम्ही. दुष्टाचं सोंग घेणारा दुष्ट नसतो, हे यामिनीताईंनाही ठाऊक होतं. पण वेळेला आठवलं नाही. आता प्रत्येकानं आपापला फोन आठवा. कोणाची तरी पणती त्यात आहे, वाचलेली आणि तशीच ठेवलेली. देवळाच्या पायरीवर जा, दोन शब्द बोलून या.

आरतीचं तबक मी खाली ठेवतो. तुम्ही परत येईपर्यंत देव थांबेल. त्या माणसाला तेवढा वेळ असेल का, ते मला सांगता यायचं नाही.