रोमन नाट्यगृहाची सगळ्यात वरची पायरी

अध्यक्षा संजीवनीताई, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते चंद्रशेखरराव, व्यासपीठावरचे प्रायोजक आणि समोर बसलेली आपल्या मराठी मंडळाची सर्व मंडळी, सर्वांना सविनय जयभीम आणि नमस्कार.

आपल्या वार्षिक नाटकाच्या रंगमंचाला यापुढे चंद्रशेखररावांचं नाव द्यावं, अशी सूचना प्रबोधने आत्ताच मांडली. अनुमोदन मी द्यायचं आहे. गेल्या महिन्यातल्या नाटकाचा नायक मी होतो, तेव्हा या सुगतने चार गोड शब्द बोलावेत ही अपेक्षा रास्तच आहे.

तर गोड शब्द. इथल्या चांगी बिझनेस पार्कमधल्या बँकेत नोकरी करणारा माणूस सुट्टीत इटलीला जातो आणि परततो तो थेट वास्तुविशारद होऊन. हे भाग्य किती जणांच्या वाट्याला येतं? आल्यावर चंद्रशेखररावांनी आम्हाला तिथल्या रोमन नाट्यगृहाचे फोटो दाखवले. अर्धवर्तुळात चढत गेलेल्या दगडी पायऱ्या. पायथ्याशी सिनेटर, सगळ्यात वर बायका आणि गुलाम. जिनेसुद्धा वेगळे, म्हणजे वरच्या-खालच्यांची गाठच पडायला नको. झालं, आपल्या कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये लाकडी पायऱ्या उभ्या राहिल्या. रोममध्ये माईक नव्हता म्हणून आपलाही माईक गेला.

प्रयोगाच्या दिवशी माझी आई पुढच्या एका खुर्चीत बसली होती. हिराबाई तिचं नाव, नागपूरहून खास लेकाचं नाटक बघायला आलेली. तिला सांगितलं गेलं, "मावशी, ही जागा मान्यवरांची. तुम्ही मागच्या जिन्याने वर जा. डिझाइनच तसं आहे." हसू नका चंद्रशेखरराव, शब्द तुमचेच आहेत. ती खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली.

ही उतरंड शिकायला आम्हाला रोमला जावं लागत नाही. ती आमच्या पिढ्यानपिढ्यांना पाठ आहे.

पण रोमन लोकांवर अन्याय नको. रंगमंचामागे ते पार वरच्या पायरीइतकी उंच भिंत बांधत, त्यामुळे नटाचा शब्द वर बसलेल्या गुलामापर्यंतही पोचायचा. तुम्ही पायऱ्या उचलल्या आणि भिंत सोडून दिलीत, कारण तिथे प्रायोजकांचे कापडी बॅनर लावायचे होते. निम्मा आवाज बॅनरने खाल्ला, निम्मा एसीने.

सेंगकांगला घरी परतताना एलआरटीच्या गाडीत मी आईला विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, "चांगलंच झालं असेल. ऐकू काही आलं नाही, पण पुढचे टाळ्या वाजवायचे तेव्हा मी पण वाजवल्या."

तेव्हापासून मला तुमचा राग आहे. निरोपाच्या दिवशी तो गिळावा, असं संजीवनीताईंनी मघाशी चहाच्या वेळी सुचवलं. ताई, नाही जमत.

या सूचनेला माझं अनुमोदन नाही. दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल तर त्याने उभं राहावं, मी माईक त्याच्या हाती देतो.

प्रबोध, तू बस. तू सूचक आहेस, दोन्ही कामं तुला करता येणार नाहीत.

कुणीच नाही? बरं.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. चंद्रशेखरराव, पुण्याला सुखरूप पोचा. फक्त जाण्याआधी माझ्या आईशी दोन शब्द बोला. आजही ती, कुणी न सांगता, शेवटच्या रांगेत जाऊन बसली आहे.