उकिरड्याचा वरचा थर

हाल्बेरा : जूनमध्येच बजावलं होतं तुला, पोरी. माझ्या दारचा उकिरडा खणत राहिलीस तर एक दिवस माझ्यापर्यंत येऊन पोचशील. तू हसलीस.

आल्दिस : तेव्हा आम्ही तिकडे कड्यापाशी होतो, हजार वर्षांच्या कचऱ्यात. माशांचे काटे, मेंढ्यांची हाडं, हेक्ला ज्वालामुखीची राख. आणि आज हे. उकिरड्यात न फुटलेला कप, हाल्बेरा?

हाल्बेरा : माझा नवरा केतिल गेला त्या वर्षी टाकला. टेबलावर दोन दिसले की हात आपोआप दोघांची कॉफी करायचा.

आल्दिस : म्हणून मला उन्हाळाभर जॅमच्या बरणीत कॉफी!

हाल्बेरा : बरणीला काय झालं? तोंड मोठं आहे, तुझ्यासारखंच. हळू बोल, तुझी स्वाला आत्ता कुठे झोपलीय.

आल्दिस : वारा फिरलाय. बाबागाडी आत घेऊ का?

हाल्बेरा : गार वाऱ्यात पोरं छान झोपतात. आणि खिडकीत मी बसलेय ना? बस तूही. सकाळपासून काहीतरी गिळून फिरतेयस, ते बोल.

आल्दिस : संग्रहालयातून फोन होता. या हिवाळ्यात समुद्र तुझ्या स्वयंपाकघरापर्यंत येईल म्हणतात. आत्ताच गावात राहायला गेलीस, तर घर उतरवून खालचं वाचवता येईल. इथे पहिल्यांदा आलेल्या माणसांच्या चुली तुझ्या पायाखाली असणार. फ्लॅटही बघून ठेवलाय.

हाल्बेरा : खिडकीतून काय दिसतं?

आल्दिस : ...गाड्या लावायची जागा.

हाल्बेरा : बघ.

आल्दिस : चुली मला हव्यात, खोटं कशाला बोलू? पण झोप उडालीय ती चुलींमुळे नाही. मागच्या वादळात कडा केवढा आत आला! तू एकटी घरात, आणि...

हाल्बेरा : ऐकू येतं मला. कडा ढासळला की धप्पकन आवाज होतो. क्षणभर वाटतं, कोणीतरी आलं.

आल्दिस : हाल्बेरा...

हाल्बेरा : एक हिवाळा राहू दे. बर्फ वितळलं की मी आपणहून निघेन.

आल्दिस : आणि तोवर चुली वाहून गेल्या तर?

हाल्बेरा : इतकी वर्षं त्यांच्या डोक्यावर कोणी ना कोणी राहत आलंय. आता शेवटच्या हिवाळ्यात एकट्या सोडू?

आल्दिस : फोन तरी उचलत जा.

हाल्बेरा : फोनवर काय बोलायचं? स्वाला बोलायला लागली की उचलेन. तो कप घाल तुमच्या संग्रहालयाच्या पेटीत.

आल्दिस : कोणी घेणार नाही. शंभर वर्षं झाल्याशिवाय तो पुराणवस्तू होत नाही. धुऊन खुंटीला लावते.

हाल्बेरा : लावू नकोस.

आल्दिस : लावला.

(दुसऱ्या दिवशी, फाट्यावर, ओदूर पोस्टमनच्या टपालगाडीपाशी.)

ओदूर : निघालात मायलेकी? गेला म्हणायचा उन्हाळा.

आल्दिस : ओदूर, हाल्बेराकडे जात जाशील?

ओदूर : तिला कोण पत्र लिहितंय!

आल्दिस : मी लिहीन. नाही जमलं तर रिकामं पाकीट पाठवीन. पण पेटीत टाकून वळू नकोस, दार वाजव. पहिल्यांदा उघडत नाही, परत वाजव. वादळ होऊन गेल्यावर तर जाच.

ओदूर : आत कुठे घेते ती? मागे म्हणाली, कॉफी कशात देऊ, घरात कप एकच आहे.

आल्दिस : दोन आहेत. खुंटीकडे बघ. तू जा फक्त.