भावाकडे फेकलेला पाना

एक मार्क नाही गं, पाचच्या पाच कापलेत मी, नीट बघ. वाक्य काय दिलं होतं? ‘वडिलांनी मुलाकडे चेंडू फेकला.’ तू ‘थ्रू’ लिहिलंस, ते बरोबर. आणि पुढे ‘अ‍ॅट’ लावून मोकळी झालीस. म्हणजे काय झालं इंग्रजीत? बापाने पोराला चेंडू फेकून मारला! ‘टू’ लावलं असतंस तर पोराने झेलला असता. काय म्हणालीस? एवढ्याशा शब्दाने काय बिघडतं? बस. अगं, बस म्हणते ना — बाहेर दोघं आहेत अजून, बसतील. पाणी घे. या भाषांतर कक्षात नोकरी करायचीय ना तुला? जबाब येतात इथे, बाळा, गोष्टींची पुस्तकं नाही येत. लोक आपल्या भाषेत बोलतात, आपण इंग्रजी करायचं, आणि पुढे न्यायाधीश वाचतात ते आपलं इंग्रजी. मूळ कागद खाली टाचलेला असतो, पण तो उलटून कोण बघतंय? ज्याला वाचता येत नाही तो कशाला उलटेल?

आता सांगायलाच बसलेय तर सांगते. सात वर्षं झाली. एका यंत्रदुरुस्तीच्या कारखान्यात दोघे सख्खे भाऊ फिटर होते. थोरला यंत्राखालच्या खड्ड्यात उतरलेला, धाकटा वर. वरून पाना आला तो थोरल्याच्या कानशिलावर. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारला बिचारा. आणि आठवडाभर आधी दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं, सगळ्या कारखान्यादेखत — धाकट्याला दुसऱ्या गावी काम धरायचं होतं आणि थोरला म्हणे, आईला टाकून जातोस? एवढंच. घराघरात होतं तसं. पण माणूस मेल्यावर साध्या भांडणालाही शिंगं फुटतात. पाहणारा एकच, शेजारी काम करणारा वेल्डर. त्याचा जबाब आला इथे. तेव्हा माझं टेबल त्या खिडकीपाशी होतं, कपाटाला लागून. जबाबात होतं — अजून अक्षरन्‌अक्षर पाठ आहे — ‘धाकटा वरून ओरडला आणि त्याने थोरल्याकडे पाना फेकला.’

बघ आता. ‘कडे.’ आपल्याकडे ‘कडे’ किती भोळा शब्द. द्यायला फेकला तरी ‘कडे’, मारायला फेकला तरी ‘कडे’. इंग्रजी असं गुळमुळीत बोलू देत नाही, ते विचारतं — बाई, मारायला की झेलायला, बोला. आणि एकदा नाही, दोनदा विचारतं, ओरडण्याचंही तेच. ‘शाउट टू’ म्हणजे ऐकू जावं म्हणून, ‘शाउट अ‍ॅट’ म्हणजे अंगावर. दोन्हीकडे ‘अ‍ॅट’ लावलं मी. छत्तीस वर्षं हेच करतेय, त्याआधी शाळेत शिकवत होते, फळ्यावर चेंडू काढून शिकवायचे हा फरक. मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? हात थांबला होता की माझा. पण कारकून सकाळीच सांगून गेलेला, ‘बाई, भावाने भावाला मारलाय तो कागद आज पाहिजे.’ भावाने भावाला मारलाय! झालं, कानातून शिरलं ते बोटांत उतरलं. वेल्डरच्या जबाबाचं नाही, कारकुनाच्या गप्पांचं भाषांतर केलं मी.

धाकटा सांगत राहिला कोर्टात की थोरल्यानेच पाना मागितला होता, मी झेलायला टाकला, तेवढ्यात त्याला मागून कुणी हाक मारली नि त्याने मान फिरवली. पण आरोपी दुसरं काय सांगणार? वेल्डर तोवर जहाजाच्या कामावर निघून गेलेला, पत्ता नाही, ठिकाणा नाही. राहिला कागद. सरकारी वकिलाने तो तीनदा मोठ्याने वाचला म्हणे, ‘अ‍ॅट’वर जोर देऊन देऊन. अकरा वर्षांची शिक्षा लागली त्याला. आणि झेल म्हणून ओरडलेला तो, ‘दादा, झेल’ म्हणून —

काय? मला कसं ठाऊक? जबाबात नव्हतं ते, बरोबर आहे तुझं. मघाशी मीच सांगितलं ना, नुसतं ‘ओरडला’ होतं. फार लक्ष देऊन ऐकतेस तू. असंच ऐकायला हवं या कामात.

वेल्डर आला होता इथे. भाषांतरावर सहीसाठी बोलावलेला. सही करून दारापर्यंत गेला, परत फिरला, टोपी हातात चुरगाळत म्हणाला, ‘बाई, तो झेल म्हणून ओरडला ते घातलंत ना? जबाब देताना सांगितलं की राहिलं, आठवत नाही.’ मी मान वर केली नाही. म्हटलं, ‘हो, हो, आलंय सगळं त्यात.’ कागदावर शिक्का बसला होता, कारकून दारात उभा. पुन्हा सगळं टंकायचं, पुन्हा सह्या. तो ‘उपकार झाले’ म्हणून गेला. उपकार म्हणाला गं मला.

मग ती आली, त्यांची आई. निकालाच्या आधी. तू बसलीस तिथेच, खुर्चीच्या कडेला टेकून. धाकट्याच्या वकिलाने सांगितलं होतं तिला, एका शब्दावर सगळं अडलंय. तिने तो कागदाच्या चिठोऱ्यावर आपल्या लिपीत लिहून आणलेला — ‘अ‍ॅट’. म्हणाली, ‘बाई, एक गेला माझा. दुसरा तरी — हा शब्द नक्की असाच आहे का हो?’ आणि मी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. आणि म्हटलं, ‘आजी, इंग्रजी बरोबर आहे.’ खोटं नाही बोलले बघ. इंग्रजी बरोबरच होतं. ती उठली, पदराने खुर्ची पुसली — मळली असेल म्हणून — आणि गेली. दुसऱ्या वर्षी वारली. धाकट्याला अंत्यविधीला सोडलं नाही.

हं? नाही, सुटला नाही अजून. चार वर्षं उरलीत त्याची. हो, चार.

चूक माझी होती असं लिहून देता येतं, मला शिकवू नकोस. एक पान पुरे, माझ्या सहीचं; त्यावर पुन्हा सुनावणी लागते. मसुदा दोनदा केलाय मी. पण मग पुढे काय, विचार केलास? छत्तीस वर्षांत माझ्या सहीने गेलेला एकेक कागद उघडतील. आणि त्यात काय काय निघेल हे मला तरी कुठं — निवृत्तीला आठ महिने आहेत माझ्या. आठ महिन्यांनी बघू. तो काही कुठे पळून — तसं नाही म्हणायचं मला.

अशी बघू नकोस माझ्याकडे. तुझ्या वयात सगळ्यांनाच सोपं वाटतं. ऊठ. तुझ्या परीक्षेचा निकाल टपालाने येईल. आणि जाताना बाहेरच्या बाकावरच्याला सांग, बाईंनी आत बोलावलंय.