गोलाची गोधडी

(साक्रीजवळच्या एका गावातली बालवाडी. १९८७, कापूस वेचणीचे दिवस. बालवाडीच्या प्रमिलाबाई, पाच वर्षांची कोकिळा आणि तिला घरी न्यायला आलेली तिची आजी भिकुबाई.)

भिकुबाई : आते हिनी बालवाडी बस झाली, बाई. सुनले कापूस येचाले जानं पडस. तान्हाले कोन देखी? ही पोरच ना!

प्रमिलाबाई : अक्का, तीच अजून पाच वर्षांची आहे.

भिकुबाई : मी पाच वरीसनी व्हतू, तवय म्हशी चारे.

प्रमिलाबाई : अहो, सगळ्यांत हुशार पोर आहे ही. थांबा, तुमच्यासमोरच दाखवते. हे पुठ्ठे बघा. घेवरचंद शेठच्या दुकानातली शर्टांची खोकी मागून आणली नि मीच कापले. बांगडी ठेवून गोल काढले. हे चौकोन. हा लांबट, तो आयत. चौकोन तिरपा कापला की त्रिकोण. कोकिळाने यांचे चार ढीग बरोबर लावले, तर ती इथेच राहील. कबूल?

भिकुबाई : कबूल. नही लावात तं आत्तेच लई जासू. मंग तुमी तोंड उघडानं नही.

प्रमिलाबाई : नाही उघडणार. कोकिळा, सारखे सारखे एकत्र लाव बरं. घाई नको.

भिकुबाई : कितला येळ व्हयना व?

कोकिळा : व्हई गयं, बाई.

प्रमिलाबाई : अगं, हे तर दोनच ढीग!

कोकिळा : हा, दोनच.

भिकुबाई : देखा! चौकोनमा तिकोन, तिकोनमा लांबट. बठ्ठा काला करी टाका. चाल व घर!

प्रमिलाबाई : अक्का, एवढं विचारू द्या. कोकिळा, काल तर चारही बरोबर लावले होतेस. हा त्रिकोण चौकोनात कसा गेला?

कोकिळा : यासनी गोधडी व्हस.

प्रमिलाबाई : गोधडी?

कोकिळा : देखा ना. हाऊ तिकोन, त्याले हाऊ दुसरा लावा. चौकोन व्हई गया. त्याना बाजूले लांबट. त्याले परत चौकोन. कोठेच भोक नही.

प्रमिलाबाई : आणि हे गोल?

कोकिळा : गोल कितला बी दाबा, मधमा भोक ऱ्हास. बोट जास. थंडी बी जाई. म्हनीसन गोल न्यारा ठेवा.

प्रमिलाबाई : बघू... मधे एक, भोवती सहा. घट्ट बसले. तरी राहतंय! अगं बाई, खरंच राहतंय!

भिकुबाई : काय ते, राहतंय! भाकर तं गोलच ऱ्हास ना व?

कोकिळा : भाकर तवावर एकलीच ऱ्हास, मोठी माय. तिले शेजार नही.

प्रमिलाबाई : कोणी सांगितलं तुला हे?

कोकिळा : कोनी नही. मोठी माय चिंध्या कापस, मी देखस. ती गोल कधीच कापत नही.

प्रमिलाबाई : खरं का, अक्का?

भिकुबाई : द्या ते पुठ्ठा इकडे... चाळीस वरीस गोधड्या शिव्यात मी. मन्हा लगीनपासून. गोल तुकडा हातमा उना का कातरी लीसन त्यानी कोर सरळ करी लेस. का बरं करस, कोनी इचारं नही. मीबी नही.

प्रमिलाबाई : धुळ्याला दोन वर्षं शिकले मी. चार आकार, चार ढीग, संपलं. हे मला कोणीच शिकवलं नाही.

भिकुबाई : माले बी नही, बाई. इतलीशी बोटं तिनी!

प्रमिलाबाई : पण ढीग दोनच झाले. बोलले ते बोलले. मी अडवायची नाही.

कोकिळा : चाल ना, मोठी माय. बाळ रडत व्हई.

भिकुबाई : बठ तू.

कोकिळा : मंग बाळ?

भिकुबाई : बठ म्हन्तू ना! बाई...

प्रमिलाबाई : काय अक्का?

भिकुबाई : आठे बालवाडीमा तान्हानी झोळी बांधाले कडी शे का?