धुंडीचे बोल आता कोण म्हणणार?

सगळ्यात आधी कोण आलं, सांगू? गोमाभाऊ! सभा अकराची, अन् हा नऊलेच सतरंजीवर येऊन बसला. तेही अगदी पुढं. ज्या माणसासंगं जन्मभर भांडला, त्याच्याच शोकसभेले पयला! म्यां म्हटलं, "गोमाभाऊ, चहा घेता का?" तं म्हणे, "आज गळ्याखाली नाई जात, बाई." मग म्यां बी नाई घेतला.

राम राम सगळ्यांले. तांड्यातले तं आलेच. अल्लीपूरची मंडळी आली, शाळेच्या मॅडम आल्या, किराणावाले शेठ दुकान बंद ठेवून आले. आपल्या तांड्याचा नाईक, आपला थावरूभाऊ गेला, अन् बोलायले उभं केलं मले. मी दुसरीपर्यंत शिकली. तेही मास्तरनं दया केली म्हणून. आमची गोरमाटी बोली पाहुण्यांले समजायची नाई, म्हणून मराठीत बोलते. मधात रडली तं थोडं थांबा. मी पुन्हा सुरू होईन. मी बोलायची थांबली, असं आजवर झालं नाई.

थावरूभाऊ कसा होता? आडमुठा होता. खरं तेच सांगते. आपले पोट्टे वर्ध्याले कॉलेजात गेले, की बंजारा म्हणून सांगायले लाजत. अन् हा बँकेच्या लायनीत उभा राहून मोठ्यानं गोरमाटी बोले. लोक वळून पाहत. हा अजून मोठ्यानं बोले! मले म्हणे, "लाजायचं काऊन, बाई? आपण कोनाचं काय चोरलं?" ग्रामसभेत आपण सारे भिंतीले चिकटून बसत होतो. यानं हाताले धरधरून पुढं बसवलं. "मांगं बससान तं नळ बी मांगूनच येईन," म्हणे. आज तांड्यात नळ आहे. कोणामुळं आहे? सांगा ना. कोणामुळं?

आता धुंडीचं सांगते. अल्लीपूरवाल्यांले ठाऊक नसन. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, वर्षभरात जन्मलेलं लेकरू आईच्या मांडीवर बसवतात. वर चादर धरतात, काठ्या वाजवतात, अन् नाईक आशीर्वादाचे बोल म्हणतो. लांबच लांब बोल. कुठं लिहिलेले नाईत. थावरूभाऊले त्याच्या बापानं दिले. अन् म्हणायचे ते बाप्यांनीच. आम्ही बाया घुंगट घेऊन मांगं.

दिवाळीनंतर ते पाहुणे आले, आठवते ना? परदेशातले रोमा लोक. कधीकाळी आपल्याच मुलखातून निघून गेले म्हणतात. आता पाहुणे येणार म्हणून आम्ही काय केलं? आरशा-कवड्यांचे फेटिये, आपले घागरे, पेटीत कोंबले, अन् दुकानातल्या कडक साड्या नेसून बसलो! शहरातल्या दिसलो पाहिजे ना. अन् गाडीतून उतरली ती त्यांची म्होरकी, लेंकाबाई, पायघोळ घेरदार घागरा घालून! थावरूभाऊ कपाळाले हात लावून म्हणे, "ते परक्या देशातून घागऱ्यात आली, अन् तुम्ही घरच्या घरी लपल्या!"

लेंकाबाई बसली, बोलली. संगं आलेली पोरगी मराठीत सांगे. तिच्या आजीनं म्हणे जन्मभर आपली जात लपवली. कामाले गेली तं दुसऱ्याच नावानं. आजीसंगं आजीची गाणी बी गेली. मग या लेंकाबाईनं बाया जमवल्या. आता त्या तिच्या गावच्या कचेरीत जाऊन खुर्चीवर बसून बोलतात, अन् सांगतात, आम्ही रोमा आहो.

मग तिनं थावरूभाऊले बोल म्हणायले सांगितले. त्यानं सुरू केलं. अन् अर्ध्यात अटकला. वय झालं होतं ना. तिनं विचारलं, "तुमच्यामांगं हे कोन म्हणन?" थावरूभाऊनं पोट्ट्यांकडं पाह्यलं. पोट्टे आपापल्या चपला पाहून राह्यले.

अन् मांगून माझ्या तोंडातून पुढचा बोल निघून गेला. मले बी नाई समजलं! चाळीसेक होळ्या घुंगटाआडून ऐकलेलं. वावरात कापूस वेचता वेचता मनातल्या मनात म्हटलेलं. गोमाभाऊ, तुम्हीच ओरडलात ना, "हा बाईचा आवाज कुठून आला?" अन् थावरूभाऊ म्हणे, "जिथून आला तिथून येऊ दे. बाई, समोर येऊन बस. शेवटपर्यंत म्हण."

म्यां म्हटले. शेवटपर्यंत.

लेंकाबाई पुन्हा यायचं कबूल करून गेली. अन् थावरूभाऊनं जायच्या चार दिवस आधी मले बोलावलं. बसता येत नव्हतं. आपली काठी माझ्या हाती दिली. म्हणे, "होळीले तू म्हणजो." म्यां म्हटलं, "गोमाभाऊ म्हणू देणार नाई." तं हसला. म्हणे, "तो भांडते, कारण त्यालेबी हे जपायचं आहे. ज्याले पर्वा नसते तो भांडत नाई."

गोमाभाऊ, तुमची रीत मले मान्य आहे. बाईनं म्हणू नये, हे बी ऐकलं. पण मले सांगा, दुसऱ्या कोणाले येतात का? तुम्हाले येतात? नाई ना. यंदा तांड्यात तीन लेकरं झाली. एक तं माझा नातू. असा गुबगुबीत, पाहाल तं सोडणार नाई! त्या तिघांवर कोणाचेच बोल पडू नये, अशी तं रीत नाई ना? मी म्हणणार. पेटीतला फेटिया घालून म्हणणार. अन् दर शनिवारी माझ्या ओट्यावर पोट्ट्यापोट्टींले शिकवणार. सुरुवात या शनिवारपासून. गोमाभाऊ, चादरीचं एक टोक तुम्ही धरजा. थावरूभाऊचं शेवटचं काम समजून धरजा.

मान हलवली! पाह्यलं ना सगळ्यांनी? सुनबाई म्हणते नाक पुसलं. असू दे, मी हो समजते.

आता उभे राहा. थोडा वेळ कोणी बोलू नका. मी बी नाई बोलणार, तेच कठीण आहे. थावरूभाऊ, सुखानं जाजो. काठी माझ्यापाशी आहे.

अन् जाता जाता एवढंच. काल लेंकाबाईचा फोन आला होता. रडली बिचारी. पण येणं रद्द नाई केलं. तिनं थावरूभाऊले जो दिवस कबूल केला होता, तोच आहे. होळीचा दुसरा दिवस, सकाळी.