काय म्हणून हाक मारायची

— छे छे, ‘प्रेरणेतून स्थापन झाला’ असं नका लिहू, ताई. खोडा ते. पंचवीस वर्षांची स्मरणिका काढताय ना, मग पहिल्याच ओळीत थाप कशाला? प्रेरणाबिरणा काही नव्हती, खुर्च्या होत्या. दातांच्या डॉक्टरांकडे — आपले पहिले अध्यक्ष, त्या फोटोत सगळ्यात पुढे हसतायत ते — त्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत चौदा खुर्च्या होत्या आणि आम्ही अकरा जण. दुसऱ्यांची मुलं घरी सांभाळणारी अकरा माणसं. म्हणजे कोणाची आई इस्पितळात, कोणाचा बाप तुरुंगात, तर त्यांचं घर सावरेपर्यंत मूल आपल्याकडे. दत्तक नव्हे — हे ‘दत्तक नव्हे’ मी पंचवीस वर्षं म्हणतेय, झोपेतसुद्धा म्हणत असेन. तर बसायला जागा हवी होती, ती डॉक्टरांनी दिली. खुर्च्या त्यांच्या, म्हणून अध्यक्षाची खुर्चीही त्यांची. स्वतः एक मूल कधी घरी आणलं नाही माणसानं, पण भाषणात दर वेळी ‘आपली मुलं’. आणि आम्ही समोरच्या भिंतीवरच्या भल्यामोठ्या जबड्याकडे बघत माना डोलवायचो.

पुढे काय केलं? पुढे आम्ही नाव शोधलं. तीन महिने! लिहा, तीन महिने, माझ्याच हातचं इतिवृत्त आहे, पहिल्या दिवसापासून मीच कार्यवाह. आपल्याला म्हणायचं काय, हा प्रश्न. ‘तात्पुरते पालक’ — तर एकजण म्हणाले, हे नळाला चिंधी बांधल्यासारखं वाटतं. ‘पर्यायी पालक’ — निवृत्त मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, मी काय मोटारीचा सुटा भाग आहे? बाई रागावून दोन बैठकांना आल्या नाहीत. शेवटी डॉक्टरांनी शब्दकोशातून ‘प्रतिपालक’ काढला आणि असे बसले, जणू अक्कलदाढ उपटलीय. टाळ्या झाल्या. मग पेंटरनं पाटी केली. त्यानं ‘प्रति’ आणि ‘पालक’मध्ये ऐसपैस जागा सोडली — प्रति, पालक, आधार संघ. आठवडाभर लोक दवाखान्यात डोकावून विचारत होते, प्रति पालक म्हणजे जुडीला का? हसताय? आम्ही नाही हसलो. आम्ही निषेधाचा ठराव केला. आहे इतिवृत्तात, पान एकोणीस.

हो, आधाराचं सांगते ना. नुसतं नाव थोडंच होतं, मदतीचा फोनही होता. दवाखान्यातलाच. रात्रंदिवस मूल सांभाळून जीव मेटाकुटीला आला तर प्रतिपालकांनी त्या नंबरवर मन मोकळं करायचं. उचलायची कोण? दवाखान्यातली मुलगी. तिला कोणी धड सांगितलंच नव्हतं. तुम्ही हुंदके देत म्हणायचं, ‘मला आता सहन होत नाही हो,’ आणि ती विचारायची, ‘वरचा की खालचा?’ खरंच सांगते! मला तर ‘काही कडक चावू नका’ असंही वर — म्हणजे लोकांना. लोकांना म्हणायची तसं.

बरं, केला होता मीही एकदा फोन. त्यात काय एवढं. सगळ्यांनीच केला असेल.

ते नियम छापणार असाल तर तपासून घ्या, जुन्या यादीत अकरा आहेत, पण सातवा नंतर वगळला. का वगळला? कालबाह्य. सातवा नियम असा — ‘मुलाला स्वतःची आई आहे. सबब प्रतिपालक स्त्रीस त्याने आई म्हणू नये, काकू म्हणावे.’ वाचताना काय चोख वाटतं नाही? मसुदा माझाच. आपल्याला काय म्हणायचं यावर तीन महिने घालवले आम्ही, आणि मुलांनी आम्हाला काय म्हणायचं यावर दहा मिनिटं, तीही चपला घालता घालता. डॉक्टर म्हणाले, ‘वा, स्वच्छ भाषा!’ मी घरी आले ती हवेतच.

आणि ‘मुक्काम पूर्ण’ हाही माझाच शब्द. मूल कुठल्याही कारणानं घरातून गेलं की नोंद एकच. आई बरी होऊन न्यायला आली — मुक्काम पूर्ण. आपल्याला झेपलं नाही, कार्यालयात नेऊन सोडलं — मुक्काम पूर्ण. ‘परत केलं’ म्हणायचं नाही, ते काय दुकानातलं भांडं आहे? आपल्या सभासदांना फार बरं वाटायचं त्या शब्दानं. दिलाच ना आधार संघानं!

काय ते? कसलं पाकीट? समितीकडे आलंय, तर समितीनं उत्तर द्यावं, मला कशाला — द्या इकडे. चष्मा कुठे गेला माझा. ‘मी सात वर्षांची असताना आपल्या संघाच्या एका घरी पाच आठवडे होते’ — अक्षर चांगलं आहे. ‘मला आता स्वतः एक मूल सांभाळायला घ्यायचं आहे. अर्ज भरण्याआधी एवढंच कळावं, की मला का परत पाठवलं. दार मोडलं म्हणून का?’

दार.

नोंदवहीतली चौथी नोंद, हो. घर कोणाचं ते लिहिलेलं नाही, मीच नाही लिहिलं. अहो, दार हिनं नाही मोडलं! दार सुतारानं मोडलं. मी सांगते ना — माझ्याकडे होती ती. आमची पहिली. गुणी पोर, चपला जोडीनं ठेवायची, आमच्या ह्यांच्यासुद्धा. दुसऱ्याच दिवशी किराणा दुकानात हिच्या तोंडून निघून गेलं, ‘आई, हे बघ.’ चार बायका होत्या. आणि मी, सातव्या नियमाची कर्ती, तिथल्या तिथे म्हणाले, ‘आई नाही, काकू.’ घरी आल्यावर पुन्हा समजावलं. पाच-सहा वेळा समजावलं असेल. तर ती काकू नाही म्हणाली. काहीच म्हणेनाशी झाली. काही हवं असलं की येऊन शेजारी उभी राहायची, माझं लक्ष जाईपर्यंत. हे म्हणाले, ‘अगं, म्हणू दे ना तिला आई, आभाळ कोसळणार आहे का?’ मी म्हटलं, तुम्ही यात पडू नका, नियम आहे.

चौथ्या आठवड्यातला मंगळवार. दुपारी पोर दिसेना. गल्ली पालथी घातली, शाळेत गेले, तो फोन केला — वरचा की खालचा. हे कामावरून धावत आले, पोलिसांकडे गेले. आणि मी अडगळीच्या खोलीपाशी सहज कान लावला तर आत श्वास ऐकू आला. कडी अडकली होती आतून. दोन तास! त्या दोन तासांत मी दारावरून चारदा गेले होते, तिनं माझी पावलं ऐकली असणार. सुतारानं बिजागऱ्या उचकटून दार काढलं, फळी फुटली, आणि ही गाठोड्यावर बसलेली, डोळे कोरडे. मी ओरडले, ‘हाक मारायला काय झालं होतं?’ तर अगदी हळू म्हणाली, ‘काय म्हणून मारू?’

पुढच्या मंगळवारी नेऊन सोडली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘मूल रुळत नाही.’ मूल! मला तिच्यासमोर बसवेना ताई, जेवताना तिच्याकडे बघवेना, एवढंच होतं. ती दाराकडे बघत बसायची — नवीन दार बसेपर्यंत तिथे चादर टांगली होती ना — आणि मला वाटायचं, ही माझी चूक मोजतेय. आणि ती बिचारी स्वतःची मोजत होती. वीस वर्षं.

हे लिहिताय की काय? अहो, बंद करा ती वही! स्मरणिकेत — काय म्हणता? समितीपुढे ठेवू? म्हणजे एक उपसमिती, एक मसुदा, आणि तिला जाईल ‘आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत.’ ते नको. पत्ता आहे ना यात? हा काय, आहे. पत्र राहू द्या माझ्याकडे. नाही, तुम्ही सोबत नको. बसनं तीन तासांचं तर अंतर, जाईन मी एकटी. तिनं दारातूनच घालवलं तर घालवलं.

सोमवारी ऑफिस बंद असेल. कोणी विचारलं तर सांगा, बाई बाहेरगावी गेल्यात. कशासाठी ते सांगायची गरज नाही. निघा आता, उठा. आणि तो पंखा बंद करून जा.